गाठ नसलेलं जाळं

माझा पहिला हत्ती डुकरासारखा झाला.

कागदावर तो हत्तीच होता. रत्नागिरीजवळ उक्षीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जांभ्यात कोरलेला हत्ती बघून आले आणि डोक्यातून तो जाईना. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली होती, जो तो सड्यांकडे धावत होता, तशी मीही धावले. घरी येऊन लेकीच्या वहीतला आलेखाचा कागद मागून घेतला. एक चौकोन म्हणजे एक टाका असं धरून 48 बाय 48 चौकोनांत हत्ती बसवला आणि जांभ्याच्या रंगाच्या सुतावर पांढऱ्या सुताने विणायला घेतला. आठ दिवसांनी सुईवरून उतरवला तर पाय आखूड, पाठ लांबलचक, सोंड पोटाला टेकलेली. सासूबाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "डुक्कर मात्र छान आलंय हो."

चूक साधी होती. सुलट टाका चौकोनी नसतो, उंचीपेक्षा रुंद असतो. माझ्या हाताला, 10 नंबरच्या सुईवर, त्या सुताचे 10 सेंमीमध्ये आडवे 24 टाके बसतात आणि उभ्या 32 ओळी. म्हणजे माझे 48 टाके झाले 20 सेंमी, पण 48 ओळी झाल्या फक्त 15 सेंमी. हत्तीची पाव उंची हिशेबातच कापली गेली होती. त्याला 64 ओळी द्यायला हव्या होत्या. विणकामासाठी आडव्या चौकोनांचा वेगळा आलेख असतो, हे मला 20-22 वर्षं विणकाम केल्यावर त्या दिवशी कळलं. तोवर गरजच पडली नव्हती, कारण तोवर मी दुसऱ्यांच्या वीणी विणत होते.

सुया पहिल्यांदा हातात दिल्या आजीने. मालवणात लोकरीला गिऱ्हाईक एकच, नुकतं जन्मलेलं बाळ. बाळंतविड्यात झबली, दुपटी, कुंची यांच्याबरोबर लोकरीचे मोजे आणि टोपी हवीच, मग बाळाचा जन्म भर मे महिन्यातला असला तरी. आजीने गावातल्या निम्म्या पोरांच्या टोप्या विणल्या असतील. तिच्याकडे कागद नव्हता, माप नव्हतं. बाळाचं डोकं केवढं म्हणून विचारलं की ती मूठ दाखवायची. "अंदाजाने घाल टाके" हे तिचं गणित, आणि ते चुकायचं नाही. मीही तशीच विणत राहिले. लग्नानंतर मुंबईच्या चाकरमान्यांकडून बाळंतविड्याच्या ऑर्डरी येऊ लागल्या, त्यातून चार पैसे मिळायला लागले. पण टोपी विकली की टोपी गेली. पुन्हा पैसे हवेत तर पुन्हा टोपी विणा. वीण लिहून विकली तर तीच वीण शंभर जणी विणू शकतात, हे मी इंटरनेटवर पाहत होते. रॅव्हलरीसारख्या संकेतस्थळावर 2007 पासून जगभरच्या बाया हेच करतायत. मला वाटलं, आपल्याला काय अवघड आहे?

हत्ती लांब करून पुन्हा विणला. या वेळी हत्ती दिसला, पण कापडच नकोसं झालं. दोन रंगांनी विणताना जो रंग पुढे वापरात नसतो त्याचा धागा मागून न्यावा लागतो. शेटलंड बेटांवरची फेअर आयल वीण अशीच असते, एका ओळीत सहसा दोनच रंग. तिथे लोकर असते. लोकरीच्या तंतूंना खवले असतात, मागचे धागे कापडाला धरून राहतात, आणि दुहेरी थराची ऊब हाच तर फायदा. माझ्याकडे होतं सूत. गुळगुळीत. मागचे धागे लोंबत राहिले, अंगात घालताना बोटं त्यात अडकायची. आणि ऑक्टोबर हीटमध्ये दुहेरी थराचं कापड अंगावर चढवून बघा एकदा! दहा मिनिटांत मी ते काढून फेकलं. हत्ती अजून कपाटात आहे. चहाच्या किटलीवर घालावा असं लेक म्हणते.

मग सूतच का, लोकर का नाही, असं पुण्याच्या मैत्रिणी विचारतात. त्यांनी पावसाळ्यात एकदा इकडे येऊन राहावं. समुद्रापासून चालत दहा मिनिटांवरच्या घरात लोकर ठेवणं म्हणजे कसर आणि बुरशी दोघींचं बाळंतपण करणं. स्टीलच्या सुया खाऱ्या हवेत गंजतात. एका जुलैत अर्धवट पांढरं काम सुईवर तसंच ठेवून मी माहेरी गेले होते, परत येऊन बघते तर ज्या ओळीत सुई होती तिथे तांबूस डागांची सरळ रेघ. ती काही केल्या गेली नाही. तेव्हापासून बांबूच्या सुया. आणि धुतलेला नमुना (माप काढायला आधी विणलेला लहान तुकडा) वाळवायचा तर पंख्याखाली तीन-तीन दिवस. श्रावणात मी नवीन काम काढतच नाही, फक्त आकडेमोड करते.

आकडेमोड करत बसण्याच्या त्याच दिवसांत शेजारचे आबा ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसायचे. आबांचं आयुष्य दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढण्यात गेलं. रापण म्हणजे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. होडीतून जाळं अर्धगोलात सोडायचं आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसांनी ओढायची, मग जी मासळी येईल तिचे वाटे. मी त्यांच्यासमोर विणत बसले होते. त्यांनी हातातली जाळ्याची सुई थांबवली आणि माझं विणकाम बोटांनी चाचपलं.

"ह्येका गाठ खंय आसा?"

"गाठ नसते आबा. नुसता फासा. एका फाशातून दुसरा ओढायचा."

"म्हणजे एक धागो तुटलो तर सगळा जातला!"

"जाईल. पण चुकलं तर उसवताही येतं."

ते त्यांना पटलं नाही. त्यांच्या जाळ्यात प्रत्येक आसाला, म्हणजे जाळ्याच्या एकेका घराला, चार बाजूंनी गाठी. एक आस फाटला तर भोक तेवढंच राहतं, शेजारचा आस जागचा हलत नाही. माझ्या कापडात एक टाका निसटला की थेट खालपर्यंत शिडी पडते. मी त्या दिवशी पहिल्यांदा जाळं नीट पाहिलं. रापणीचं जाळं सगळीकडे सारखं नसतं. कडेच्या भागात आस मोठे, आणि मधे जिथे मासळी गोळा होते तिथे बारीक. मोठ्या आसातून बारकी मासळी निसटली तरी चालते, पण तिथला मोठा आस पाण्याला वाट देतो, त्यामुळे जाळं ओढायला हलकं जातं. आबांनी हे मला इतकं सहज सांगितलं, जणू आमटीत मीठ कधी घालायचं ते सांगतायत.

हत्ती तिथेच संपला. मला स्वेटरवर खालून वर बारीक होत जाणारे आस हवे होते, आणि तेही एकाच रंगात.

एकाच रंगात आकृती काढायची जुनी युक्ती म्हणजे सुलट जमिनीवर उलट टाके. उलट टाक्याची गाठुळी वर येते, उजेड तिरका पडला की नक्षी दिसते. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे स्वेटर असेच असत. त्यांना गॅन्झी म्हणतात. निळ्या-काळ्या लोकरीचे, इतके घट्ट विणलेले की वारा आत येऊ नये. त्यावर दोर, शिडी, लाटा, जाळं अशा आकृत्या. प्रत्येक गावाची वीण वेगळी आणि बुडालेल्या माणसाचं गाव स्वेटरवरून ओळखत, अशी कथा सगळीकडे सांगतात. तिचा पुरावा काही भक्कम नाही. 1904 साली रंगभूमीवर आलेल्या एका आयरिश नाटकात बुडालेल्या भावाची ओळख त्याच्या मोज्यातल्या मोजून घातलेल्या टाक्यांवरून पटते, त्या प्रसंगाने या कथेला बळ दिलं असं मानतात. मी ती कथा आबांना सांगितली नाही. त्यांच्या घरात तसं एक माणूस गेलेलं आहे.

गॅन्झीतल्या दोन गोष्टी मात्र मी सरळ उचलल्या. एक, बगलेत विणलेला शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा. त्याने हात वर नेला तरी अंगातला भाग वर सरकत नाही. आपल्याकडे जुन्या पद्धतीच्या सदऱ्याला बगलेत वेगळा तुकडा लावतात, त्याचंच हे भावंड. दोन, बाही मनगटाकडून न विणता खांद्याशी टाके उचलून खाली विणत यायची. मनगटाशी कापड विरलं की तेवढंच उसवायचं आणि नव्याने विणायचं. कोळ्याच्या घरातली काटकसर आहे ती. मला तेव्हा ती नुसती छान वाटली, उपयोग पुढे झाला.

आता गणित. सगळ्यात मोठा आस 12 टाक्यांचा, मधला 8, वरचा 6. का? कारण 24 टाक्यांत हे तिन्ही पूर्ण बसतात, दोन, तीन आणि चार. हे आकडे सापडले त्या रात्री मला झोप आली नाही. नक्षी सुचणं वगैरे ठीक आहे, पण एका नक्षीतून दुसरीत जाताना मधे अर्धा आस लोंबकळत नाही, यासारखं सुख नाही.

नमुना विणला. इथे मी आजीशी पहिल्यांदा भांडले, मनातल्या मनात. आजी नमुना विणायची नाही आणि मीही कधी विणला नव्हता. विणला तरी बोटाएवढा, आणि तो लगेच उसवून त्याच सुताने काम सुरू. आता मी 20 सेंमीचा चौकोन विणला, मोजला, धुतला, वाळवला, पुन्हा मोजला. फरक नगण्य. खूश होऊन अख्खं पुढचं-मागचं अंग विणून काढलं. 58 सेंमी लांबी हवी होती, बरोब्बर 58 आली. हँगरला अडकवून ठेवलं आणि चार दिवसांनी मोजलं तर 62 च्या वर. सूत जड असतं आणि त्याला लोकरीसारखा लवचिकपणा नसतो. ताणलं की ताणलेलंच राहतं. नमुना वीतभर असतो, त्याला स्वतःचं वजन कुठलं? अख्ख्या स्वेटरचं वजन खांद्यावर लटकतं तेव्हा प्रत्येक टाका उभा होत जातो.

उसवलं. पुन्हा नमुना विणला, आणि या वेळी त्याच्या खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे ओळीने लावून दोन दिवस दोरीवर टांगला. 32 ओळी 10 सेंमीच्या 10.8 झाल्या. म्हणजे 58 च्या जागी 62.6, अगदी तंतोतंत तेच दुखणं. आता विणताना लांबी 54 च्या आत थांबवायची, बाकीचं काम वजन करतं. हे कुठल्याही वीणीच्या पुस्तकात असेल, पण मला ते धुण्याच्या दोरीवर कळलं.

तीनदा उसवलं एकूण. पहिल्यांदा लांबीसाठी, दुसऱ्यांदा बगलेतला तुकडा आखूड पडला म्हणून, तिसऱ्यांदा डाय लॉटमुळे, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेल्या सुताच्या खेपेमुळे. शेवटचा गोळा वेगळ्या लॉटचा निघाला, संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली कळला नाही, सकाळच्या उन्हात छातीवर सरळ पट्टा. नवरा म्हणाला, "डिझाइन आहे म्हणून सांग." त्याला वाटतं सगळं असंच होतं.

स्वेटर झाला तेव्हा मला वाटलं, काम झालं. खरं तर निम्मंही झालं नव्हतं. माझ्या अंगाला बसणारा एक स्वेटर तयार होता, दुसरीच्या अंगाचा कसा विणायचा ते लिहायचं होतं. माझी छाती 100 सेंमी धरली तर 240 टाके, म्हणजे 24 चे दहा भाग, पाच पुढे आणि पाच मागे. सुरेख. पुढचं माप काढायचं तर पुढे एक भाग आणि मागे एक भाग वाढवायचा, म्हणजे 48 टाके, म्हणजे एकदम 20 सेंमी! 80, 100, 120. मधल्या बायकांनी काय करायचं? ज्या 24 आकड्याने मला झोपू दिलं नव्हतं त्यानेच आता पुन्हा झोप उडवली. एकदा वाटलं, आस लहान करावेत. एकदा वाटलं, दोन नंबर जाड सुई वापरा असं लिहून मोकळं व्हावं (हे पुष्कळ जणी करतात, आणि कापडाची जाळी होते). शेवटी उत्तर मिळालं काखेखाली. दोन्ही कुशींना नक्षी नसलेली उभी पट्टी ठेवायची. 80 च्या मापाला प्रत्येक बाजूला 12 साधे टाके दिले की झाले 90. बगलेतला तुकडाही त्याच पट्टीतून उगवतो, त्यामुळे ती जोड म्हणून दिसत नाही.

बाहीसाठी एलिझाबेथ झिमरमन यांची टक्केवारी धरली. या बाई इंग्लंडमध्ये जन्मल्या, अमेरिकेत राहिल्या, 1999 मध्ये वारल्या. छातीचे टाके म्हणजे शंभर टक्के, आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत, ही त्यांची पद्धत. दंडाचा घेर साधारण एक तृतीयांश. माझ्या मापाला झकास बसलं. 120 च्या मापाला 288 चे 96 टाके, म्हणजे 40 सेंमी घेर. ती बाही नव्हे, भाजीची पिशवी. छाती रुंद झाली म्हणून दंड त्याच हिशेबाने जाड होत नाही, आणि खांदे तर त्याहून कमी वाढतात. मग आळीतल्या सात जणींना टेप लावला. मोजून घ्यायला कुणी लाजलं नाही, पण आकडा मोठ्याने म्हणू नकोस असं मात्र प्रत्येकीने बजावलं.

लिहिलेली वीण दुसऱ्यांकडून विणून घ्यायची, ही या धंद्यातली रीत. मी सहा जणींना पाठवली. मराठीतली मावशीला दिली. तिच्यासाठी सु., उ., दोए. (दोनाचा एक) अशी खुणांची यादी केली होती. ती शिक्षिका होती, शिस्तीत विणते. खालच्या कडेला मी तिरक्या लाटांची एक ओळ घातली होती, ती तिची नेमकी उलट दिशेला गेली. कितीतरी वेळ कारण सापडेना. मग कळलं, मावशी तक्ता डावीकडून उजवीकडे वाचत होती, वाचनासारखा. विणकामाचा तक्ता उजवीकडून वाचतात, कारण टाके सुईवर त्या बाजूने सरकतात. गोल सुईवर तर प्रत्येक ओळ उजवीकडूनच. मी हे लिहिलंच नव्हतं. मला माहीत होतं ना!

त्याहून मोठी फजिती इंग्रजी वीणीची. मी सरळ लिहिलं होतं, सुई नंबर 10. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. आपली 10 नंबरची सुई 3.25 मिमी. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची 10 म्हणजे 6 मिमी. तिकडच्या एका बाईंनी नमुना न विणताच सुरुवात केली. त्यांनी बॉर्डर संपल्यावर फोटो पाठवला, त्या वर्तुळात त्या आणि त्यांचा कुत्रा दोघेही उभे होते. बाई हसत होत्या, पण सूत त्यांनी पदरचं घेतलं होतं. मी माफी मागितली आणि तेव्हापासून नंबर लिहिणं सोडलं. फक्त मिमी.

दुरुस्त्या होऊन वीण तयार व्हायला दसऱ्यापासून माघापर्यंतचा काळ गेला. सुरुवातीला दोन पानं होती, शेवटी अकरा झाली. ती सगळी वाढ माझ्या हाताला माहीत असलेल्या आणि म्हणून मी न लिहिलेल्या गोष्टींची. आजीची मूठ शब्दांत लिहायला एवढी पानं लागली. किंमत किती ठेवावी यावर घरात दोन मतं आहेत, ती इथे नको.

माझा नमुन्याचा स्वेटर मी आबांना दिला. अंगात सैल होतो, पण पहाटे रापणीवर गार वारा असतो, चालेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दांडीवर गेले. अजून पुरतं उजाडलं नव्हतं, सिंधुदुर्ग किल्ला नुसता काळा पट्टा दिसत होता. आबा आता दोर ओढत नाहीत, बाजूला उभे राहून ओरडतात, त्यासाठी हात वर करावे लागतात. बगल कुठे अडत नव्हती. मी तेवढंच बघत होते. ओढणं संपल्यावर ते जाळ्यातली मासळी निवडायला वाकले आणि उठले तेव्हा दोन्ही मनगटं पाण्याने भरून लोंबत होती.

"हात कशाक येवढे लांब गो? सगळे भिजले."

"काढू?"

"काडून येतले?"

मी त्यांना होडीच्या सावलीत बसवलं. मनगटाशी बंद केलेल्या टाक्यांचं टोक सोडलं आणि ओढायला लागले. ओळीमागून ओळ सरसर सुटत गेली. आबा आपल्याच हाताकडे टक लावून बघत होते. कोपरापाशी थांबले, टाके सुईवर घेतले, बंद केले, मग दुसरी बाही. खाली वाळूत ओल्या सुताचा गुंता पडायला लागला तसा त्यांनी खिशातून जाळ्याची सुई काढली, सुताचं टोक तिच्या जिभेत अडकवलं आणि मी सोडत जाईन तसं ते गुंडाळत गेले.